सहा ते सहा चाळीस : मुंबईतील दिवाळी पहाटेच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
मुंबई व उपनगरांत दिवाळी पहाटेचे कार्यक्रम भरवणारी मंडळे, सांस्कृतिक संस्था, गृहनिर्माण संस्था, प्रायोजक आणि लोकप्रतिनिधी यांस

सप्रेम नमस्कार.

मी तबलावादक आहे. नाव सांगितल्याने या पत्राला फारसे वजन येणार नाही, कारण आपल्यापैकी अनेकांच्या व्यासपीठांवर मी साथ केलेली असली तरी फलकावर ते नाव आपण वाचलेले नाही. गायक-गायिकेच्या मोठ्या छायाचित्राखाली 'आणि सहकलाकार' असे जे छापलेले असते, त्यांतला मी एक. भाऊबीज उलटली आहे आणि त्रिपुरी पौर्णिमा अजून यायची आहे. मंडप उतरले असले तरी हिशेब पुरते मिटलेले नाहीत, आणि पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचे याची चर्चा काही ठिकाणी आताच सुरू झाली असेल. हे पत्र लिहायला याहून सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही, कारण दसऱ्यानंतर लिहिले तर ते वाचायला आपल्याला सवड नसते आणि गणपतीपूर्वी लिहिले तर दिवाळी फार दूर वाटते.

माझे मुख्य म्हणणे चाळीस मिनिटांविषयी आहे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस जी सवलत देऊ शकते, ती रात्री दहा ते बारा एवढ्यापुरतीच आहे; पहाटेसाठी तशी सवलत नाही. बंद सभागृहांना या बंदीतून वगळलेले आहे, परंतु मैदान, चौक, उद्यान किंवा सोसायटीचे अंगण असेल तर ध्वनिक्षेपकाचे बटण सहाच्या आधी दाबता येत नाही आणि ते दाबले जाऊ नये असेच माझेही मत आहे, कारण त्या परिसरात आजारी माणसे आणि तान्ही मुले राहत असतात. दिवाळीच्या दिवसांत मुंबईचा सूर्योदय साडेसहा ते पावणेसात यांच्या दरम्यान होतो. म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने पहाट म्हणता येईल असा, कायद्याने आपल्या हाती राहिलेला वेळ साधारण सहा ते सहा चाळीस एवढाच आहे.

या वेळेचे आमच्या दृष्टीने मोल काय, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर बांधून दिलेले आहेत, आणि दिवस-रात्रीच्या सांध्यावर गायच्या रागांना संधिप्रकाश राग अशी स्वतंत्र ओळख आहे. ललित, भटियार, भैरव, रामकली, अहिर भैरव, विभास ही सगळी मंडळी उजाडण्याच्या आगेमागे वावरणारी. पूर्वी मैफली रात्रभर चालत, त्यामुळे रात्री बिहाग किंवा मालकंस ऐकलेला श्रोता बसल्या जागीच पहाटेच्या रागांपर्यंत येऊन पोहोचत असे आणि भैरवी होईपर्यंत बाहेर ऊन पडलेले असे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे तो रात्री जागवत राहिला. ध्वनिक्षेपकांवरील निर्बंधांनंतर त्याला आपल्या वेळा बदलाव्या लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्रीची बंदी उचलून धरल्यावर तर उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफलींचा प्रश्नच मिटला. निर्णय योग्य होता, पण त्याचा एक परिणाम असा झाला की सकाळच्या रागांना सभेत बसून ऐकण्याची जागाच उरली नाही. आज मुंबईतला नोकरदार श्रोता ललित ऐकतो तो कानात यंत्र घालून, बहुधा संध्याकाळच्या लोकलमध्ये.

चतुरंग प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी या शहरात दिवाळी पहाट रुजवली आणि त्यामुळे ती जागा वर्षातून तीन-चार दिवस तरी परत मिळाली. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, एरवी शास्त्रीय संगीताच्या वाटेला न जाणारी कुटुंबे पहाटेच्या वेळी खुर्च्यांवर येऊन बसतात. असा श्रोता, असा प्रहर आणि असे प्रसन्न मन एकत्र मिळण्याचा दुसरा प्रसंग आमच्या वर्षात येत नाही. आणि आपण त्या प्रहरात नेमके काय करता? दीपप्रज्वलन, गणेशपूजन, प्रमुख पाहुण्यांचे स्वागत, प्रायोजकांच्या प्रतिनिधींचे स्वागत, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मनोगत, आणि उशिरा आलेल्या दुसऱ्या पाहुण्यांसाठी पुन्हा शाल व श्रीफळ. हे आटोपून पहिला षड्ज, म्हणजे 'सा', लागतो तेव्हा सात वाजलेले असतात आणि समोरच्या रांगेतल्या आजोबांनी उन्हासाठी डोक्यावर रुमाल घेतलेला असतो. मग निवेदक सांगतो की वेळेअभावी आपण थेट तिसऱ्या गाण्याकडे वळू. वेळेअभावी गळणारी पहिली दोन गाणी जवळजवळ नेहमी भूपाळी आणि एखाद्या सकाळच्या रागातली बंदिश हीच असतात, कारण लोकप्रिय गाण्यांची फर्माईश आधीच आलेली असते.

भावगीते, नाट्यगीते किंवा चित्रपटगीते यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. त्यांवर माझे घर चालते आणि ती वाजवताना मला आनंदही होतो. पण ती गाणी रात्री आठला दीनानाथ नाट्यगृहात जेवढी रंगतात तेवढीच सकाळी आठलाही रंगतात. ललिताचे तसे नाही. शुद्ध आणि तीव्र अशा दोन मध्यमांच्या मधल्या त्या फटीत जो काही अर्थ आहे तो अंधार पुरता सरलेला नसतानाच पोहोचतो, असे निदान आम्हा मंडळींना वाटते, आणि हे नुसते संस्कार आहेत असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. एवढेच म्हणेन की एकदा सहा वाजता ऐकून पाहा.

आता या चाळीस मिनिटांपर्यंत आम्ही कसे पोहोचतो तेही आपल्याला ठाऊक असावे, कारण आपण आम्हाला पाहता ते झब्बा घालून बैठकीवर बसल्यावरच.

साथीदाराची दिवाळी नवरात्राच्या आधी सुरू होते. तबल्याच्या पुड्या, म्हणजे तोंडावरची कातडी, बदलून घ्यायच्या असतात, आणि त्या दिवसांत तबला-ढोलकी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे भजनी मंडळांपासून गरब्याच्या वाद्यवृंदांपर्यंत सगळ्यांची रांग असते. दोन गायक असतील तर एका तबल्याने भागत नाही. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगायचे तर पुरुषाचा स्वर काळी एक किंवा दोन, स्त्रीचा काळी चार किंवा पाच, तेव्हा निदान दोन तबले, एक डग्गा, अभंगांसाठी पखवाज आणि लावणीचा आग्रह झालाच तर ढोलकी, असा संसार बांधावा लागतो. दसऱ्याला ही सगळी वाद्ये पाटावर मांडून त्यांची पूजा होते. मग तालमी. गायिका ठाण्याला, पेटीवाला गिरगावात, इतर तालवाद्ये वाजवणारा ऱ्हिदमवाला वसईला आणि मी भांडुपला, त्यामुळे तालमीची जागा दादरला आणि वेळ सगळ्यांच्या नोकऱ्या-शिकवण्या सुटल्यावरची. दिवाळीची सुट्टी लागली की शिकवण्या थांबतात. मुले गावी किंवा मामाकडे जातात. इमारत रिकामी झाल्याने दुपारच्या रियाजाला शेजारी हरकत घेत नाहीत हा त्यातला फायदा, आणि त्या महिन्याची निम्मी फी येत नाही हा तोटा. दिवाळी पहाटेची बिदागी ही वरकमाई आहे असा आपल्यापैकी काहींचा समज दिसतो. प्रत्यक्षात ती या बुडालेल्या फीची भरपाई असते.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही नऊला अंथरुणावर पडतो. झोप लागेलच असे नाही. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली, तेव्हापासून आमच्या भागात दहानंतर थोडी शांतता वाटते, पण ती आवाजाची. धूर तसाच असतो. पावसाळा संपून समुद्रावरचा वारा मंदावला की मुंबईची हवा आधीच जड झालेली असते, त्यात हा धूर खाली साचून राहतो, आणि पहाटे पाचला गायक जेव्हा मंचामागे आवाज लावू पाहतो तेव्हा त्याच हवेत त्याला श्वास घ्यायचा असतो. मैदानाच्या कडेला कार्यकर्त्यांनीच स्वागतासाठी फटाक्यांची माळ लावल्याचे मी पाहिले आहे. गायिका खोकत होती, आणि निवेदक 'मंगलमय वातावरण' असे म्हणत होता.

घरातून तीनच्या सुमारास निघावे लागते. त्या वेळी लोकल बंद असते. पहिली गाडी चारनंतर मिळते आणि आपण ध्वनियोजनेसाठी बोलावता ते चारलाच. म्हणून टॅक्सी. काळी-पिवळीला रात्री बारा ते पाच सव्वापट भाडे असते, वर सामानाचे वेगळे; ॲपवरच्या गाड्या सणाच्या पहाटे किती मागतात ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. हा खर्च मानधनात धरला आहे असे सांगितले जाते. मानधन ठरवताना मात्र तो कोणी विचारलेला नसतो. उटणे लावून आंघोळ दोन-अडीचला झालेली असते. घरातले बाकीचे उठतात, कारीट फोडतात, दिवे लावतात, तेव्हा मी कुठल्या तरी मैदानात केबल ओलांडत उभा असतो. पाडव्याचे औक्षण दुपारी होते आणि भाऊबीजेला बहीण मला संध्याकाळची वेळ देते. याविषयी माझी तक्रार नाही, कारण हा व्यवसाय मी निवडला आहे. नाटकवाले, पोलीस, परिचारिका आणि बेस्टचे चालक यांचे सणही असेच जातात.

तक्रार आहे ती पुढच्या दोन तासांविषयी. चारला बोलावलेल्या कलाकारांसाठी ध्वनियंत्रणा बहुधा पाचला येते, कारण तीच यंत्रणा आदल्या रात्री दुसऱ्या कार्यक्रमाला गेलेली असते. ध्वनिक्षेपक सहापूर्वी मोठा करता येत नसल्याने आवाजाचा समतोल कुजबुजीच्या पातळीवर बघावा लागतो आणि सहाला तो मोठा केल्यावर आमचे वादन आम्हाला ऐकवणारा समोरचा मॉनिटर किंचाळू लागतो. आदल्या संध्याकाळी नऊच्या आत अर्धा तास दिला असता तर हे सगळे टळले असते. बसायला खोली नसते. स्त्री कलाकारांना साडी बदलण्यासाठी शेजारच्या एखाद्या घरी विनंती करावी लागते, आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारला की कार्यकर्ते एकमेकांकडे बघतात.

त्याहून मोठी अडचण दवाची आहे आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही. ऑक्टोबरचा उन्हाळा आणि थंडीची चाहूल यांच्या सीमेवर दिवाळी येते. दिवसा घाम फुटतो आणि पहाटे उघड्या मंचावरची सतरंजी हाताला ओलसर लागते. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. दमट हवेत ती सैल पडते आणि स्वर उतरतो. साडेचारला काळी चारमध्ये चोख लावलेला तबला सहापर्यंत अर्ध्या स्वराने खाली आलेला असतो, म्हणून मी कडेचे लाकडी गट्टे ठोकून तो चढवतो. मग प्रकाशयोजनेचे दिवे लागतात, पुडी त्यांच्या उष्णतेने ताणली जाते आणि स्वर वर निघतो. साडेसातला कोवळे ऊन थेट वाद्यावर येते आणि तो आणखी चढतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली कणीक एकीकडे वाळत असते. तंबोऱ्याच्या ताराही सुरात टिकत नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये मी हातोडी हातात घेतली की निवेदक घाईने चारोळी म्हणू लागतो, आणि कार्यकर्त्यांना वाटते की या माणसाने घरून वाद्य लावून आणले नाही. मंचावर साधे कापडी छत टाकले तरी यातला निम्मा त्रास कमी होतो. पाहुण्यांच्या सोफ्यांवर छत असते; वाद्ये उघड्यावर असतात. काही ठिकाणी ड्रोनने चित्रीकरण करायचे म्हणून मुद्दाम छत काढायला लावतात, तेव्हा मात्र काय बोलावे ते सुचत नाही.

सातला संपणारी भाषणे, साडेनवाला संपणारा कार्यक्रम आणि त्याच सकाळी साडेदहाला दुसऱ्या उपनगरातल्या सोसायटीत ठरलेली दुसरी बैठक, असा पाडव्याचा दिवस असतो. पहिला कार्यक्रम लांबला की दुसरीकडे आम्ही उशिरा येणारे आणि व्यवहाराला कच्चे ठरतो. फराळाची पुडी हातात घेऊन टॅक्सीत खाण्याची आता इतकी सवय झाली आहे की घरची चकली दुपारी चारला ताटात आली की पाहुण्याकडे गेल्यासारखे वाटते.

पैशांचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे नवे काही नाही. घरगुती बैठका आणि लहान मंडळे पाकीट त्याच सकाळी देतात. जेवढा आयोजक मोठा तेवढे पैसे उशिरा, असा माझा अनुभव आहे. कंपन्यांच्या प्रायोजकत्वाने झालेल्या कार्यक्रमाची रक्कम इव्हेंटवाल्यांमार्फत जानेवारीत, कधी होळीच्या सुमारास येते. दहा टक्के टीडीएस कापून घेतलेला असतो, परंतु कापलेल्या कराचा दाखला मागितला की फोन उचलले जात नाहीत आणि विवरणपत्र भरताना कळते की कापलेली रक्कम आमच्या नावावर जमाच झालेली नाही. मुख्य गायकाशी करार होतो आणि साथीदारांची रक्कम त्याच्यामार्फत दिली जाते, ही पद्धत जुनी व सोयीची आहे. मात्र आयोजकाने गायकाचे पैसे थकवले की गायक आमच्यापुढे अवघडून उभा राहतो, आणि वर्षानुवर्षे एकत्र वाजवणारी माणसे एकमेकांना टाळू लागतात.

अलीकडे काही ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी वादकांऐवजी ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गाणी म्हटली जातात. वाढदिवसाला तसे खुशाल करावे. दिवाळी पहाटेला ट्रॅक लावला की गायक एका जागेवर थांबू शकत नाही, श्रोत्यांनी दाद दिली म्हणून ओळ पुन्हा घेऊ शकत नाही, आणि ज्या मोकळेपणासाठी ही माणसे झोप मोडून आली आहेत तोच त्यातून जातो. मला पर्यायी काम मिळेल. प्रश्न तुमच्या कार्यक्रमात मग उरते काय हा आहे.

पाहुण्यांचे सत्कार आपण करू नयेत असे मी म्हणत नाही. मैदानाच्या परवानग्या, पोलिसांचा ना-हरकत दाखला, खुर्च्या, दिवे हे सगळे कोणाच्या तरी शब्दाने आणि निधीने होते, आणि श्रोत्यांकडून तिकीट न घेता हे उभे राहते याची मला जाणीव आहे. माझी विनंती क्रम बदलण्याची आहे. सहाच्या ठोक्याला तंबोरा सुरू व्हावा, सूर्य वर येईपर्यंत मंचावर फक्त संगीत असावे, आणि सत्कार त्यानंतर, मध्यंतरात, श्रोत्यांच्या हाती चहा असताना व्हावेत. पाहुण्यांचेही त्यात नुकसान नाही. सहाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि साडेसातला मैदान भरलेले असते, तेव्हा त्यांचे मनोगत जास्त लोक ऐकतील. पहिली चाळीस मिनिटे एकाच गायकाला आणि एक किंवा दोनच रागांना द्यावीत. त्यानंतर कार्यक्रम आपल्या पसंतीचा. मी लावणीलाही वाजवीन.

ज्यांचे कार्यक्रम नाट्यगृहांत होतात त्यांना तर सहाची अटही नाही. विलेपार्ल्यात, बोरिवलीत, मुलुंडमध्ये महानगरपालिकेची चांगली नाट्यगृहे आहेत. तिथे साडेपाचला पडदा उघडला तर श्रोते येणार नाहीत अशी भीती घातली जाते. येतील की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण नरकचतुर्दशीला चारला उठणारी घरे या शहरात अजून आहेत, आणि त्यांना एकदा निमंत्रण द्यायला हरकत नसावी.

बाकीच्या गोष्टी, म्हणजे छत, आदल्या संध्याकाळची ध्वनिचाचणी, कपडे बदलायला खोली, पहाटेच्या प्रवासाचे भाडे आणि फलकावर वादकांची नावे, यांतल्या कशालाही मोठा खर्च नाही. नावे छापायला तर मुळीच नाही. फलक तेवढाच राहतो, अक्षर थोडे लहान होते.

पुढील वर्षीच्या कार्यक्रमाची पहिली बैठक आपण घ्याल तेव्हा गायक, ध्वनियोजनाकार आणि मंडप बांधणारे यांच्याबरोबर साथीदारांपैकी एकालाही बोलवावे. मला बोलावलेत तर मी येईन आणि त्याचे मानधन मागणार नाही. बैठक फक्त रविवारी सकाळी ठेवावी, कारण इतर दिवशी संध्याकाळी पाच ते नऊ माझ्या शिकवण्या असतात.

आपला,
दिवाळी पहाटेचा एक तबलावादक
भांडुप, मुंबई